महानिर्मितीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राज्याच्या मालकीच्या वीजनिर्मिती कंपनीची आठवण लोकांना सहसा तीन वेळी होते: वीज गेली की, बिल वाढलं की, किंवा भरतीची जाहिरात निघाली की. एरवी ही केंद्रं चंद्रपूर, कोराडी, परळीसारख्या गावांच्या कडेला रात्रंदिवस चालू असतात आणि त्यांच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. पुढचे प्रश्न वेगवेगळ्या लोकांकडून पुन्हा पुन्हा ऐकलेले आहेत. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात, काहींना वेळ द्यावा लागतो.

महानिर्मिती म्हणजे जुनी एमएसईबीच ना?

तिचा एक भाग. २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. वीज तयार करायची, उच्चदाब वाहिन्यांवरून ती आणायची आणि घरोघरी देऊन बिल वसूल करायचं, ही तिन्ही कामं पुढची पंचेचाळीस वर्षं मंडळानंच केली. विद्युत कायदा २००३ आल्यावर ६ जून २००५ पासून मंडळाचं विभाजन झालं. निर्मिती महानिर्मितीकडे गेली, पारेषण महापारेषणकडे आणि वितरण महावितरणकडे. तिन्हींच्या वर एक सूत्रधारी कंपनी आहे. मालकी आजही पूर्णपणे राज्य सरकारची आहे. गावाकडे अजून सगळ्यालाच ‘एमएसईबी’ म्हणतात आणि त्यामुळे एका कंपनीचा राग दुसरीवर निघतो.

आमच्याकडची वीज गेली तर तक्रार महानिर्मितीकडे करायची का?

नाही. ती महावितरणकडे करायची. त्यासाठी १९१२ हा क्रमांक आहे. महानिर्मितीला तुमचा मीटर, रोहित्र, डीपी यांतलं काहीही दिसत नाही. तिची वीज केंद्राच्या स्विचयार्डातून बाहेर पडली की तिथून पुढे तिचा संबंध संपतो.

कंपनीची केंद्रं कुठे आहेत आणि क्षमता किती?

कोळशावर चालणारी केंद्रं सात ठिकाणी आहेत. सर्वांत मोठं चंद्रपूर, २,९२० मेगावॅटचं. त्यानंतर नागपूरजवळचं कोराडी २,१९० आणि खापरखेडा १,३४० मेगावॅटचं. भुसावळला १,२१० मेगावॅट होते, तिथे आता ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची (बॉयलर, टर्बाइन आणि जनित्र मिळून एक संच) भर पडली आहे. परळी ७५०, नाशिकजवळचं एकलहरे ६३० आणि अकोला जिल्ह्यातलं पारस ५०० मेगावॅटचं. ही बेरीज १०,२०० मेगावॅट होते.

उरणला ६७२ मेगावॅटचं वायू केंद्र आहे. जलविद्युतमध्ये कोयना एकटीच १,९६० मेगावॅटची. घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे: मागणी कमी असताना खालचं पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज करायची. जलविद्युत केंद्रं मुळात जलसंपदा विभागाची आहेत, महानिर्मिती ती भाडेपट्ट्यानं चालवते. सौरमध्ये धुळे जिल्ह्यातल्या साक्रीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प जुना आणि मोठा.

एवढी क्षमता आहे तर प्रत्यक्षात वीज कमी का निघते?

‘क्षमता’ हा आकडा फार फसवतो. २१० मेगावॅटचा संच पूर्ण भारावर चालला तरी त्यातली काही वीज केंद्रातच खर्ची पडते. कोळसा दळणाऱ्या मिल, बॉयलरचे पंखे, पाण्याचे प्रचंड पंप हे सगळं त्याच विजेवर चालतं. औष्णिक केंद्रात हा खर्च साधारण सहा ते नऊ टक्के असतो. शिवाय वर्षातून काही दिवस संच दुरुस्तीसाठी बंद ठेवावाच लागतो.

उरलेली घट दोन प्रकारची असते आणि इथे नीट लक्ष द्यायला हवं. संच चालवता येत नाही म्हणून झालेली घट वेगळी, आणि संच तयार असूनही त्याची वीज कुणी मागितली नाही म्हणून झालेली वेगळी. पहिलीला कंपनी जबाबदार. दुसरीचा निर्णय ऐरोलीच्या राज्य भारप्रेषण केंद्रात होतो. तिथे सगळ्या केंद्रांची, खासगी धरून, चल खर्चानुसार, म्हणजे मुख्यतः इंधनाच्या खर्चानुसार, क्रमवारी लावलेली असते. स्वस्त वीज आधी घ्यायची, महाग शेवटी. खाणींपासून लांब असलेल्या एकलहरे आणि परळीला कोळशाच्या रेल्वेभाड्याचाच इतका बोजा पडतो की मागणी उतरली की सर्वांत आधी त्यांनाच भार कमी करायला सांगतात. कधी थेट ‘झिरो शेड्युल’ मिळतं, म्हणजे संच धडधाकट, माणसं हजर आणि उत्पादन शून्य. वर्तमानपत्रात ‘अमुक केंद्राचे दोन संच बंद’ अशी बातमी दिसली की बंद कशामुळे, हे आधी विचारा.

एका संचाला कोळसा किती लागतो?

५०० मेगावॅटचा संच दिवसभर पूर्ण भारावर चालला तर १ कोटी २० लाख युनिट होतात. एका युनिटला सरासरी साडेसहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरला तर रोजचे सुमारे आठ हजार टन झाले. रेल्वेच्या एका रेकमध्ये साधारण ५८ वाघिणी आणि चार हजार टनांच्या आतबाहेर कोळसा असतो. म्हणजे एका संचासाठी रोज दोन रेक, एकही दिवस न चुकता.

रेक आली की वाघीण टिपलरवर घेतात. तो अख्ख्या वाघिणीला शिकंजात धरून उलटी करतो आणि साठ-सत्तर टन कोळसा एका झटक्यात खाली हॉपरमध्ये पडतो. तिथून पट्ट्यावरून क्रशर, क्रशरमधून बंकर, बंकरमधून मिल. मिलमध्ये त्याची पिठासारखी बारीक भुकटी होते आणि गरम हवेबरोबर बॉयलरमध्ये फुंकली जाते. रेक ठरलेल्या वेळेत रिकामी झाली नाही तर रेल्वे विलंब आकार लावते, त्यामुळे कोळसा हाताळणी विभागात घड्याळाला फार किंमत असते.

खाणी चंद्रपूर-नागपूरच्या उंबरठ्यावर, तरी कोळशाची टंचाई का?

वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, खाणी जवळ आहेत हे खरं. पण गरज एकट्या वेकोलिवर भागत नाही. ओडिशातल्या महानदी कोलफिल्ड्सकडून, छत्तीसगडच्या साउथ ईस्टर्नकडून आणि तेलंगणातल्या सिंगरेनीकडूनही कोळसा येतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर मागणी एकदम वाढली, त्यात खाणपट्ट्यांत पाऊस झाला आणि अनेक केंद्रांत काही दिवसांपुरताच साठा उरला. २०२२ च्या उन्हाळ्यातही तीच ओढाताण झाली.

प्रमाणाइतकाच प्रश्न दर्जाचा आहे. करारात एका प्रतीचा कोळसा आणि वाघिणीत त्याहून हलका, दगड-मातीसह, ही तक्रार वर्षानुवर्षं चालत आली आहे. उष्मांक कमी असला की तेवढ्याच विजेसाठी जास्त कोळसा जाळावा लागतो, मिल लवकर झिजतात, राख वाढते आणि संचाला पूर्ण भार उचलता येत नाही. पावसाळ्यात तर ओला कोळसा चिखलासारखा होतो. बंकरला आणि त्याखालच्या शूटला (कोळसा घसरत येण्याच्या नळकांड्याला) चिकटून बसतो, फीडरवर कोळसाच येत नाही. मग कामगार घण घेऊन बाहेरून शूट ठोकत उभे राहतात, पाळीच्या पाळी. कोळशाच्या धुळीत आणि मशिनच्या आवाजात हे काम करणारे बहुतेक जण कंत्राटी असतात. ‘ओल्या कोळशामुळे उत्पादन घटलं’ या एका ओळीमागे त्यांची मेहनत असते आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

छत्तीसगडच्या रायगड जिल्ह्यातली गारे पेल्मा सेक्टर-२ ही खाण महानिर्मितीला २०१५ मध्ये मिळाली आहे. स्वतःची खाण असली तर दर्जा आणि पुरवठा दोन्ही हातात राहतील, हा हिशेब बरोबर आहे. पण तिथल्या तमनार भागातल्या गावकऱ्यांचा जमीन आणि जंगल जाण्याला विरोध आहे, आणि तो महाराष्ट्रात फारसा ऐकूही येत नाही. वीज आपण वापरणार असू तर त्यांचं म्हणणं आपल्या कानावर पडलं पाहिजे.

‘ट्यूब लीकेज’मुळे संच बंद, म्हणजे नेमकं काय झालं?

बॉयलरच्या भिंती म्हणजे कित्येक किलोमीटर नळ्यांचं जाळंच असतं. बाहेरून आग, आतून पाणी आणि वाफ. ५०० मेगावॅटच्या संचात टर्बाइनला जाणारी वाफ सुमारे ५४० अंश सेल्सियसची आणि दाब वातावरणाच्या दीडशे पटींहून अधिक. राखेतले कण सतत घासून नळी पातळ होते आणि एक दिवस तिला भोक पडतं. भोक सुईएवढं असलं तरी त्यातून सुटणारा वाफेचा झोत शेजारच्या नळ्या कापत सुटतो, म्हणून थांबून चालत नाही.

संच बंद केल्यावर लगेच आत जाता येत नाही. बॉयलर निवायला बराच वेळ लागतो. मग आत परांची बांधायची, खराब तुकडा कापायचा, नवा वेल्ड करायचा, वेल्डची क्ष-किरण तपासणी करायची, पाण्याच्या दाबावर चाचणी घ्यायची आणि पुन्हा तेलावर बॉयलर पेटवायचा. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन दिवस जातात. एकाच संचात हे वारंवार होऊ लागलं तर त्याचं कारण बहुधा पुढे ढकललेल्या देखभालीत सापडतं. उन्हाळ्यात मागणी म्हणून ओव्हरहॉल (संच उघडून करायची मोठी दुरुस्ती) टाळायचं, पावसाळ्यात निधी नाही म्हणून टाळायचं, आणि मार्चमध्ये ऐन मागणीच्या वेळी संच बंद पडतो. ही सवय मोडल्याशिवाय नवे संच आणूनही फायदा नाही, असं माझं ठाम मत आहे.

वीज केंद्राला पाणी इतकं का लागतं?

टर्बाइन फिरवून झालेल्या वाफेचं परत पाणी करायला थंड पाणी लागतं आणि शीतकरण मनोऱ्यांतून त्यातलं बरंच बाष्प होऊन उडून जातं. केंद्र सरकारनं २०१५ मध्ये जुन्या केंद्रांसाठी घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटरची आहे. ५०० मेगावॅटच्या संचाला हे दिवसाला सव्वाचार कोटी लिटरच्या घरात जातं.

परळीनं याची किंमत मोजली आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये दुष्काळामुळे खडका बंधाऱ्यात पाणी उरलं नाही आणि अख्खं केंद्र बंद ठेवावं लागलं. पुढे २०१५ च्या दुष्काळातही तेच झालं. ज्या मराठवाड्यात टँकरची वाट बघत माणसं उभी असतात तिथे केंद्रासाठी गोदावरीचं पाणी मागणं सोपं नसतं, आणि नसावंही. चंद्रपूरलाही २०१० च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यानं संच बंद करावे लागले. त्या धरणावर शहराचाही पाणीपुरवठा आहे.

कोराडीनं काढलेला मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. नागपूर शहराचं सांडपाणी भांडेवाडीला प्रक्रिया करून नळानं केंद्रापर्यंत आणलं जातं आणि तेच शीतकरणाला वापरलं जातं. पेंच धरणाचं तेवढं पाणी पिण्यासाठी वाचतं. मोठ्या शहराशेजारच्या प्रत्येक केंद्रानं हे आधी करायला हवं होतं.

कोयनेची वीज इतकी स्वस्त, मग ती दिवसभर का चालवत नाहीत?

कारण पाणी मोजून मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं कोयनेचं पाणी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे. हे वर्ष १ जूनला सुरू होऊन ३१ मे रोजी संपतं. सह्याद्री पोखरून केलेल्या भूमिगत वीजगृहांत हे पाणी जवळपास पाचशे मीटरवरून कोसळतं, वीज करतं आणि शेवटी वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. चारही टप्पे अहोरात्र चालवले तर वर्षाचा कोटा दोन-अडीच महिन्यांत संपेल.

म्हणून कोयना राखून वापरतात. संध्याकाळी मागणी झपाट्यानं चढते, किंवा कुठला मोठा औष्णिक संच अचानक ट्रिप होतो, तेव्हा कोयनेचा संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो. थंड पडलेल्या औष्णिक संचाला तेवढ्यासाठी अर्धा दिवस लागतो. १,००० मेगावॅटचा चौथा टप्पा याच कामासाठी बांधला गेला. जलाशयाची पातळी खाली गेल्यावरही पाणी घेता यावं म्हणून १९९९ आणि २०१२ मध्ये तिथे ‘लेक टॅपिंग’ झालं, म्हणजे भरलेल्या जलाशयाच्या तळाखालून बोगदा नेऊन शेवटचा खडक स्फोटानं उडवून दिला. आपल्या अभियंत्यांच्या या कामाचा शाळेच्या पुस्तकात धडा असायला हवा. आणि त्याच धड्यात, या धरणासाठी गावं सोडून गेलेल्या आणि साठ वर्षांनंतरही पुनर्वसनासाठी आंदोलनं करणाऱ्या कुटुंबांबद्दलही असायला हवं.

उरणचं केंद्र पूर्ण क्षमतेनं का चालत नाही?

वायू पुरेसा मिळत नाही. देशांतर्गत वायूचं वाटप आटलं आहे आणि आयात वायूवर केलेली वीज परवडत नाही.

युनिटचा दर कोण ठरवतं? महानिर्मिती मनाला येईल तो दर लावते का?

दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो आणि त्याआधी जनसुनावणी होते. दराचे दोन भाग असतात. स्थिर आकारात कर्जाचं व्याज, घसारा, पगार, देखभाल, भांडवलावरचा परतावा. ऊर्जा आकारात इंधन. संच ठरलेल्या प्रमाणात उपलब्ध ठेवला तर स्थिर आकार पूर्ण मिळतो, मग वीज कुणी घेवो न घेवो. उपलब्धता कमी पडली तर तो कापला जातो. एका युनिटला किती उष्णता लागावी याचंही प्रमाण आयोगानं ठरवलेलं असतं. त्याहून जास्त कोळसा जाळला तर तो तोटा बराचसा कंपनीनं सोसायचा. तो सगळा ग्राहकावर टाकता येत नाही.

इंधन महागलं की फरक तुमच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून येतो. त्या ओळीत महानिर्मितीबरोबर खासगी केंद्रांकडून घेतलेल्या विजेचाही वाटा असतो. सुनावण्या सगळ्यांना खुल्या असतात आणि हरकत मराठीत लिहून देता येते. ग्राहक संघटना आकडे घेऊन येतात तेव्हा आयोग खर्चाला कात्री लावतो, हे अनेकदा घडलं आहे.

मग कंपनीकडे नेहमी पैशांची चणचण का?

तिचा ग्राहक मुळात एकच आहे, महावितरण. आणि महावितरणकडे शेतीपंपांची, पाणीपुरवठा योजनांची, पथदिव्यांची थकबाकी तुंबलेली. एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत आहे, तिचे पैसे सरकारनं अनुदानातून द्यायचे आहेत. ही साखळी कुठेही अडली की शेवटी महानिर्मितीचे हजारो कोटी अडकतात. कोळसा कंपनी आणि रेल्वे मात्र वेळेवर पैसे मागतात. मग बँकेचं खेळतं भांडवल घ्यायचं, व्याज भरायचं आणि देखभालीचा खर्च पुढे ढकलायचा. वर ट्यूब लीकेजच्या प्रश्नात जे आलं त्याचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे. सरकारी कंपनी म्हणून तिला अकार्यक्षम ठरवण्याआधी तिचे पैसे कुणी थकवले ते पाहायला हवं.

राखेचं काय होतं? आमच्या घरावर, पिकांवर ती बसते.

भारतीय कोळशात तीस ते चाळीस टक्के राख असते. ५०० मेगावॅटच्या एका संचातून दिवसाला तीन हजार टनांच्या आसपास राख निघते. त्यातली बहुतांश हलकी, उडणारी. चिमणीआधीची स्थिरविद्युत अवक्षेपक यंत्रणा ती धरते. कोरडी राख सिमेंट कारखान्यांना, विटांना आणि रस्त्यांच्या भरावाला जाते. उरलेली पाण्यात कालवून राख बंधाऱ्यात सोडतात.

खरा त्रास बंधारे वाळल्यावर होतो. उन्हाळ्यात वारा सुटला की राख गावावर येते. भाजीच्या पानावर बोट फिरवलं की करडी रेघ उठते, वाळत घातलेले कपडे पुन्हा धुवावे लागतात, लहान मुलांचा खोकला हटत नाही. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टीत कोराडीचा खसाळा बंधारा फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि वस्त्यांत शिरलं. पूर्ण राख वापरली गेली पाहिजे असा केंद्र सरकारचा नियम आहे आणि २०२१ च्या अधिसूचनेत न वापरलेल्या राखेसाठी दंडाची तरतूद आहे. तुमच्या गावात त्रास असेल तर तारीख-वेळेसह छायाचित्रं काढा, ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. तोंडी तक्रारीची दखल घेतल्याचा पुरावा राहत नाही.

आणि चिमणीच्या धुराचं?

सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा घालणारे नियम डिसेंबर २०१५ मध्ये आले. धुरातून तो वायू काढणारी यंत्रणा बसवायची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्यातून सूट मिळाली. कोराडीत ६६० मेगावॅटचे आणखी दोन संच प्रस्तावित आहेत आणि नागपुरात त्याला विरोध आहे. विरोध करणाऱ्यांना विकासविरोधी म्हणणं सोपं आहे. पण ते त्याच हवेत राहतात आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे.

सौर ऊर्जा आल्यावर ही केंद्रं बंद होतील का?

जुने संच टप्प्याटप्प्यानं जातीलच. चंद्रपूरचे पहिले दोन आणि परळीचे जुने संच केव्हाच निवृत्त झाले. पण दुपारी सौर वीज भरपूर आणि सूर्य मावळताच मागणी चढलेली, ही दरी कुणीतरी भरायला हवी. सध्या ते काम औष्णिक संचच करतात. दुपारी ५५ टक्क्यांपर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी पुन्हा वर चढायचं. एका भारावर अखंड चालण्यासाठी बांधलेल्या यंत्रांना हे रोजचं चढउतार सोसत नाही, नळ्या लवकर थकतात. म्हणूनच घाटघरसारखे उदंचन प्रकल्प वाढवण्याकडे आता लक्ष वळलं आहे. सह्याद्रीचे उंच कडे पाहता महाराष्ट्राला त्यासाठी जागांची कमी नाही.

भरती कशी होते?

सहायक अभियंता, कनिष्ठ अभियंता, तंत्रज्ञ-३, रसायनशास्त्रज्ञ अशा पदांची जाहिरात कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर येते आणि परीक्षा ऑनलाइन होते. पैसे घेऊन ‘आत सेटिंग आहे’ सांगणाऱ्यांपासून लांब राहा. मागितलेली रक्कम गेली की परत येत नाही.

आमची जमीन प्रकल्पात गेली आहे. घरातल्या मुलाला नोकरी मिळते का?

थेट आणि आपोआप मिळत नाही. आधी जिल्हाधिकारी कार्यालयातून प्रकल्पग्रस्त प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्यावर प्रकल्पग्रस्तांसाठीच्या प्रगत कुशल प्रशिक्षण योजनेत विद्यावेतनावर प्रवेश मिळू शकतो आणि पुढे तंत्रज्ञ पदांच्या भरतीत त्यांचा विचार होतो. अनेकांची या वाटेवर वर्षं जातात, वयोमर्यादा जवळ येते, आणि हा अन्याय आहे. प्रमाणपत्र कुटुंबातल्या कुणाच्या नावे करायचं हे घरात बसून आधीच ठरवा. भावाभावांत वाद झाला की अर्ज तिथेच अडकतो. भूसंपादनाचा निवाडा, सातबाराचे जुने उतारे आणि फेरफार यांच्या प्रमाणित प्रती आताच काढून ठेवा. प्रमाणपत्राच्या अर्जासोबत त्या मागितल्या जातात आणि जुना अभिलेख शोधायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.